चार घंट्यांचं कुवेत

परवा नातवानं मोबाईलवर दोन विमानतळांची नावं टाकली आणि मला दाखवलं. मुंबई ते कुवेत, पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाला चार-सव्वाचार तास. "आजी, फक्त चार तास! आपल्याला ब्रह्मपुरीहून नागपूरला जायला तेवढेच लागतात," असं म्हणून तो हसला. मी नाही हसले. त्याला काय ठाऊक, की याच एका वाक्यावर आमचं घर एक अख्खं वर्ष उभं होतं आणि याच वाक्यापायी आमच्या अंगणात रक्ताचा सडा पडला. पोरगं गोरंमोरं झालं. म्हणालं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही रे बाप्पा, तुझं गणित बरोबर आहे." मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच कांदे चिरत बसले. या वयात रडायला कांदा लागतो, ही एक सोय आहे.

आमच्या झाडीपट्टीत अंतर कोणी कोसात सांगत नसे, वेळात सांगत. ब्रह्मपुरी अर्ध्या घंट्याची, वडसा घंट्याभराचं, नागपूर चार घंट्यांचं. घंटे म्हणजे एसटीचे घंटे, हे वेगळं सांगावं लागत नसे, कारण दुसरं वाहन कोणी पाहिलं होतं? आमचं घर गावाच्या बोडीकडच्या टोकाला. बोडी म्हणजे लहानसं तळं, त्याच्या खालच्या अंगाला आमच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं. बारमाही ओल, धान असं यायचं की येणाराजाणारा थांबून बघायचा. घर मुळात एकच होतं. बाबा आणि त्यांचा थोरला भाऊ वेगळे झाले तेव्हा घरातून आणि अंगणातून मातीची भिंत घातली. इकडे आम्ही, तिकडे मोठेबाबा आणि मोठी माय. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाबा साप चावून गेले आणि तेराव्याच्या जेवणाची पानं उचलली जायच्या आत मोठेबाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आता बांध्या माह्या. बाई माणसाले काय करा लागते वावराचं?" माय डोक्यावरचा पदर पुढे ओढून चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "कुंदे, सांग त्याहीले. बांध्या माह्या पोराच्या हायेत."

मीच का सांगायचं, हे आजच्या पोरींना समजावून सांगावं लागेल. धाकट्या भावाच्या बायकोला नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यासमोर यायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, तो बसलेल्या खाटेला हात लावायचा नाही. त्यानंही तिला शिवायचं नाही. चुकून धक्का लागला तर दोघांनी डोक्यावरून आंघोळ करायची. मोठेबाबा फार धार्मिक माणूस होता, हो! गळ्यात माळ, एकादशीला पाण्याचा घोट नाही. मायला त्यानं जन्मात बोट लावलं नाही. मात्र फेकून मारलेला दगड, बैल हाकायच्या तुतारीची काठी, कुऱ्हाडीचा दांडा हे त्याच्या हिशेबात शिवणं नव्हतं. लाकडातून विटाळ जात नाही म्हणे. आणि लाकडानं काम भागलं नाही की तो मोठ्या मायचे हात वापरायचा. अंगणात उभा राहून ओरडायचा, "ओढ तिले! झिंज्या धर!" आणि मोठी माय खाली मान घालून यायची, मायचे केस धरायची, पाठीत बुक्क्या घालायची. नाही घातल्या तर भिंतीपलीकडे तिची पाळी होती.

पण ती बुक्की कशी असायची ते मला माहीत आहे, कारण मी जवळून पाहिलंय. मोठी माय हात उंच उचलायची, चांगला बैल बडवावा तसा, आणि खाली येईपर्यंत त्यातला जोर काढून घ्यायची. वर कानाशी लागून पुटपुटायची, "रड वं बाई, जोरात रड, म्हंजे सुटशीन." माय जोरात रडायची. दोघी मिळून त्याच्यासाठी जणू नाटक करायच्या. पलीकडे मात्र नाटक नसायचं. भिंत हाताच्या वितीएवढी जाड, सगळं ऐकू यायचं. आधी भांडं आदळल्याचा आवाज, मग मोठेबाबांचा, मग ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा एकसारखा आवाज. मोठी माय ओरडायची नाही. तो आवाज सुरू झाला की माय उखळ घेऊन कांडायला बसायची. कांडायचं काही नसलं तरी बसायची. रिकाम्या उखळात मुसळ आपटायची, म्हणजे आम्हा पोरांच्या कानावर ते जाऊ नये. आजही कुठे कांडणयंत्राचा धप-धप आवाज आला की मी उठून खिडकी लावून घेते.

दादा, माझा मोठा भाऊ दिवाकर, सोळाचा झाला तसा तो मध्ये पडू लागला. एकदा मोठेबाबांनी आमच्या बांध्यांतलं पाणी बांध फोडून स्वतःकडे घेतलं. दादा विचारायला गेला तर त्याचा खांदा मोडला. दोघांनी खाटेवर घालून आणला. बरा झाल्यावर त्यानं एक दिवस कुऱ्हाडीला धार लावायला घेतली. मायनं ती हिसकावून बोडीत फेकली आणि त्याला चंद्रपूरला माझ्या मामाकडे धाडला. तिथे तो वेल्डिंग शिकला, तिथूनच कोण्या दलालाच्या ओळखीनं मुंबईला गेला आणि मुंबईहून कुवेतला. गावानं कुवेत हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कोणाला वाटलं गोंदियाच्या पलीकडे असेल.

काही महिन्यांनी वडशाच्या एका माणसाबरोबर दादाची कॅसेट आली. आमच्या गावच्या नाटक मंडळाकडे टेपरेकॉर्डर होता, दंडारीच्या खेळाची आणि नाटकाची गाणी बसवायला. तो आमच्या अंगणात आणला, सगळी आळी जमली. खरखर झाली आणि दादाचा आवाज आला, अगदी घरात बसून बोलतो आहे असा. बायांनी डोळ्याला पदर लावला. "माय, चिंता नको करू. जेवण चांगलं हाये. मुंबईच्या विमानतळावून चढलो अन् चार घंट्यात कुवेतले उतरलो. झोप बी पुरी नाई झाली. कोणी काई केलं तर निरोप धाडजो. चार घंट्यात येतो."

मग आमच्या गावचा कोतवाल, ज्याला प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावून दाखवायची भारी हौस, तो म्हणाला, "चार घंटे म्हंजे नागपूरएवढंच होय की!" झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नागपूर चार घंटे, कुवेत चार घंटे. सकाळच्या गाडीत बसलं की दुपारी पोरगं दारात. शाळेच्या नकाशात मी कुवेत पाहिलं होतं. मध्ये अख्खा निळा समुद्र होता. मी तोंड उघडणार तोच मायनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवरून मोठेबाबांचं डोकं दिसत होतं. ते ऐकत होते.

त्या दिवसापासून एक वर्ष, सांगते तुम्हाला, आमच्या घरावर खडा पडला नाही. बांध फुटला नाही. मायनं तर ताळच सोडला. आमच्या गावावरून कधीमधी विमान जायचं, इतकं उंच की नुसती पांढरी रेघ दिसायची. ती दिसली की माय अंगणात येऊन मोठ्यानं म्हणायची, "कुंदे, तांदूळ जास्तीचे टाक वं, कोण सांगते, दिवाकर असन त्याच्यात!" आणि मोठेबाबा, तो सहा फुटी माणूस, घरात जाऊन दार लोटून घ्यायचा. मी आणि माय चुलीपुढे हसून हसून लोळायचो. भिंतीपलीकडून एकदा मोठी मायही हसली. तेवढंच एकदा. नंतर तिला त्याची किंमत द्यावी लागली, कारण पलीकडचं धोपटणं काही थांबलं नव्हतं. तिच्यासाठी कुठून कोणी विमानानं येणार नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते. पाहुणे, जावई, माहेरवाशिणी, सगळे येतात, नाटकं होतात. त्या वर्षी मंडईच्या दोन दिवस आधी सलीमभाऊ आला. हा वडशाचा, दादाच्या खोलीत राहणारा, दादासारखाच वेल्डर. पाठीला मार लागून कायमचा परतलेला. चार गावं हुडकत खजूर, साबण आणि मायला एक साडी घेऊन आला. माणूस लाख मोलाचा, पण तोंडात तीळ भिजत नाही असा. मायनं त्याला बघितलं आणि तिचा चेहरा मी बघितला. तिनं लगेच कोहळ्याची बोंडं तळायला घेतली. त्यानं "मावशी, दिवाकर बिचारा..." म्हटलं की ताटात दोन बोंडं. "मावशी, तिथं असं हाये ना..." म्हटलं की आणखी दोन. "खाय ना बाबू, कायले बोलतं, आधी खाय!" सलीमभाऊच्या कपाळाला घाम आला, पण पाहुण्यानं नाही कसं म्हणायचं? तो गिळत राहिला. आणि तेवढ्यात मोठेबाबा पांढरं धोतर नेसून, हात जोडून आमच्या अंगणात आले आणि पाहुण्यासमोर बसले. वर्षभरात पहिल्यांदा.

"आमच्या पोराचा दोस्त म्हंजे आमचाच पोरगा," मोठेबाबा म्हणाले. "बरं, तिथून इथी याले किती घंटे लागते म्हनता?"

माय आतून ओरडली, "कुंदे, पाहुण्याले पाणी दे!" मी तांब्या घेऊन धावले. पण सलीमभाऊनं घास गिळला होता.

"घंटे?" तो हसला. "भाऊ, चार घंटे तं खाली विमानाचे. पासपोर्ट शेठच्या तिजोरीत. दोन साल होयेपर्यंत सुट्टीच नाई. बाप मेला तरी सोडत नाई. माह्यासंगच्या एकाची माय मेली, तो तिथीच भितीले डोकं लावून रडला. दिवाकर पुढच्या साली येते, त्याच्या आंधी खुद्द देवानं बलावलं तरी नाई येऊ शकत."

"असं होय," मोठेबाबा म्हणाले. त्यांनी सलीमभाऊच्या पाठीवरून हात फिरवला, ताटातलं एक बोंड उचलून खाल्लं आणि निघून गेले. मायनं कढईखालची लाकडं बाहेर ओढली.

सलीमभाऊ त्याच संध्याकाळी वडशाला परतला. दुसऱ्या दिवशी मोठेबाबा सकाळीच आले. गाव धानाच्या कापणीला गेलेलं, आळीत म्हातारे आणि कोंबड्या. खांद्यावर कुऱ्हाड, उजव्या मनगटावर लग्नात मिळालेलं घड्याळ, मागे मोठी माय. तिला कापणीतून ओढून आणलं होतं, हातात इळा तसाच होता. आल्या आल्या त्यांनी आमच्या शेळीच्या मानेवर कुऱ्हाड घातली. एक घाव. शेळी ओरडलीसुद्धा नाही, नुसते पाय झाडत राहिली. मी किंचाळत धावले तर त्यांनी मला लाथ मारली, मी उंबऱ्यावर पडले आणि पुढचा दात तुटला. ती फट आजही आहे, तिच्यातून शिट्टी वाजते म्हणून नातवंडं हसतात. मग कोनाड्यातली दादाची कॅसेट काढून त्यांनी तिची फीत बाहेर ओढली. अंगणभर ती तपकिरी फीत शेळीच्या आतड्यांसारखी पडली. माय दारात आली, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. त्यांनी कुऱ्हाड उलटी केली आणि दांडा तिच्या उजव्या हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळली फांदी मोडल्यावर येतो तसाच तो येतो.

मग खाट ओढून ते अंगणाच्या मधोमध बसले. कुऱ्हाड मांडीवर. घड्याळात बघितलं.

"बलाव तुया पोराले," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मायशी थेट बोलले. "चार घंटे बसतो इथी. मले अन्याय कराचा नाई. चार घंट्यात आला तर पाय धरतो त्याचे. नाई आला तर हे घर खाली, बांध्या माह्या, अन् तू पोट्टीले घेऊन कुठी मराचं तिथी मर."

शेजारचे एकदोन म्हातारे कुडाशी येऊन उभे राहिले. "घरचा मामला हाये," म्हणाले आणि निघून गेले. आजही कुठे "घरचा मामला" ऐकलं की माझं डोकं फिरतं. परवा सोसायटीत एकाला मी चांगलं फैलावर घेतलं, तर सून म्हणाली, आई, तुमचं बीपी.

मी आत गेले. माय डाव्या हातानं तांदूळ धूत होती. उजवा हात ओटीत ठेवलेला, कोपराखाली वाकडा. मी तोंडातलं रक्त थुंकून विचारलं, "माय, दादा येईन?"

"नाई येत."

"तुले माहीत होतं?"

"येडी हायेस काय? चार घंट्यावर असता तर पोट्टा पोळ्याले घरी नसता आला?" तिनं चुलीवर भांडं चढवलं. "जाळ सार. भात कच्चा राह्यला तर नावं ठेवतीन."

तिनं लाखोळीची डाळ केली, अंबाडीची भाजी केली. दारात भासरा बसला आहे, जेवणवेळ झाली आहे, मग ताट गेलंच पाहिजे, इतकी ती बाई रीतीची पक्की. ताट मी नेलं. आणि तो जेवला, हो! मेलेली शेळी चार हातांवर, माश्या घोंघावताहेत, आणि हा भात कालवून डाळ ओरपून जेवला. वर मीठ मागितलं. मोठी माय उन्हात उभी होती. तिला बस असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तिला पाणी दिलं तर तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि घेतलं नाही. तिचा डावा डोळा सुजून बंद झालेला, तो आदल्या रात्रीचा. दुसरा डोळा त्या फितीकडे लागलेला. वाऱ्यानं फीत तिच्या पायात गुंतत होती आणि ती पाय हलवत नव्हती.

ऊन कलायला लागलं तसे ते उठले. घड्याळ कानाशी धरलं, चालू आहे ना बघितलं. "झाले चार घंटे," ते म्हणाले आणि आकाशाकडे तोंड करून हसले. "कुठी हाये विमान? ए! ओढ तिले. झिंज्या धर अन् फेक रस्त्यावर."

मोठी माय पुढे आली. माय दारातच उभी होती. मोठ्या मायनं डावा हात मायच्या केसांत घातला, नेहमीसारखा. मला वाटलं आता पुटपुटेल, रड वं बाई. पण ती मायच्या हाताकडे बघत होती, त्या वाकड्या झालेल्या हाताकडे. तिनं केस सोडले. कपाळावर आलेली एक बट मागे सारली, पोरीची सारतात तशी. आणि मागे वळली.

"काऊन थांबली?" मोठेबाबा ओरडले आणि कुऱ्हाड उचलली. पुढचं एवढं झटकन झालं की मी आजही ते मनात हळू करून बघते. धानाचा पेंढा एका ओढीत कापतात तसा तिनं इळा ओढला, मनगटावर, घड्याळाच्या जरा वर. कुऱ्हाड खाली पडली. मोठेबाबा म्हणाले, "अवं?" एवढंच, जणू हाक मारली. मग रक्ताची चिळकांडी उडाली आणि ते बैलासारखे डरकले. त्यांनी डाव्या हातानं तिचा गळा धरला. तिनं दुसरा घाव खांद्यात घातला, तिसरा पाठीत. ते गुडघ्यावर आले तरी ती थांबेना, कापणी पुरी करायची असावी तशी. मी जागची हललेच नाही. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं, आणखी घाल.

मायनं तिला थांबवलं. मोडका हात पोटाशी धरून ती अंगणात उतरली, आणि चालता चालता तिचा पदर डोक्यावरून खाली आला. तो तिनं सावरला नाही. उघड्या डोक्यानं ती भासऱ्यासमोर गेली, त्याचा कापलेला हात आपल्या डाव्या हातानं धरला. "कुंदे, धर! दातानं फाड लुगडं!" मी तिच्या लुगड्याचा पदर फाडला. ती गुडघा त्याच्या छातीवर देऊन मनगट आवळत होती. आणि तो मरणाच्या दारातला माणूस, रक्तानं न्हालेला, काय ओरडत होता सांगू? "शिवू नको! शिवू नको मले!"

"गप राय," माय त्याच्या तोंडावर म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. "तू मेला तर हिले फाशी होईन. म्हून शिवतो. नाईतर कुत्र्याले घातलं असतं तुले."

ते जगले. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोलीस विचारायला आले, तर मोठेबाबांनी स्वतःच सांगितलं, धान कापता कापता इळा लागला. पाठीत कसा लागला, हे त्यांना कोणी विचारलं नाही. बायकोनं कापलं असं म्हणण्यापेक्षा त्यांना तो हात गेलेला पत्करला. हात राहिला, पण वाळल्या दोडक्यासारखा लोंबता. मंडईला सगळं गाव त्याच्यावरच बोलत होतं, नाटकाकडे कोणाचं ध्यान नव्हतं. मोठी माय तर हे घडलं त्याच संध्याकाळी स्वयंपाकाचा एक गंज आणि एक लुगडं घेऊन रस्त्यानं वळसा घालून आमच्याकडे आली, ती मरेपर्यंत परत गेली नाही. मोठेबाबांचं ताट मीच नेऊन द्यायची. ते डाव्या हातानं जेवायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

पुढच्या वर्षी दादा आला. अंगावर परदेशी अत्तराचा वास, हातात ही मोठी बॅग. मायचा हात वाकडाच जुळला होता, तो बघून पोरगं लहान लेकरासारखं रडलं. "माय, मी म्हनलं होतं चार घंट्यात येतो, अन् मले माहीतच नाई पडलं वं," असं म्हणून कपाळ बडवत राहिलं. माय त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मोठी माय चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं मागे न बघता विचारलं, "किती घंटे लागले रे बाबू, विमानाले?"

"चारच, मोठी माय," दादा नाक पुसत म्हणाला.

"बाप्पा, लवकर आला तू," ती म्हणाली. भाकर तव्यावर टाकून तिनं पिठाच्या हातानं मधल्या भिंतीकडे दाखवलं. "मले या भिताडाच्या तिकडून इकडं याले एकवीस वर्षं लागले."